जिन्यात नोटीस लागते तेव्हा…

ऑक्टोबर २०२० मधली गोष्ट. स्थळ, डोंबिवलीचा कोपर भाग. पहाटेचे चार वाजायला आले होते. सगळी इमारत गाढ झोपेत होती. जागा होता फक्त एक मुलगा, वय अवघं अठरा. मोबाइलवर मालिका बघत बसला होता. एरवी आईने पाहिलं असतं तर चांगला ओरडा खाल्ला असता! पण त्या रात्री त्याचं जागरण कामी आलं. त्याच्या लक्षात आलं, की स्वयंपाकघराचा काही भाग ढासळतोय. त्याने आधी घरच्यांना उठवलं, मग शेजाऱ्यांना हाका मारल्या. एकेक करत सुमारे पाऊणशे माणसं बाहेर पडली. थोड्याच वेळात इमारत कोसळली.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्या मुलाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच बातमीत आणखी एक वाक्य होतं. ही इमारत धोकादायक असल्याचं पालिकेने काही महिन्यांपूर्वीच कळवलं होतं. घरं रिकामी करा, असं रहिवाशांना सांगितलं होतं.

म्हणजे धोक्याची हाक आधीच मारून झाली होती! मग तरीही माणसं आत का झोपली होती? आणि एखादी इमारत ‘धोकादायक’ आहे हे ठरवतं तरी कोण? कशावरून? तुमच्या-आमच्या जिन्यात उद्या अशी नोटीस लागली, तर तिचा अर्थ काय घ्यायचा? चला, आज जरा हेच समजून घेऊ या.

वय झालं म्हणून?

नोटीस लागली की जिन्यात पहिलं वाक्य ऐकू येतं ते हे : “अहो, सत्तर वर्षं उभी आहे ही बिल्डिंग. आमच्या वडिलांच्या वेळची. काही होत नाही!” आणि शेजारच्या नव्या इमारतीतले लोक निर्धास्त असतात, कारण त्यांची इमारत ‘नवी’ असते.

दोघंही थोडे चुकतात. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे स्टेशन १८८८ साली पूर्ण झालं. राजाबाई टॉवर १८७८ सालचा. दोन्ही इमारती आजही दिमाखात उभ्या आहेत. कारण त्यांची देखभाल होते. उलट २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत पडली. तिथे पालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहत होती. त्या एका सकाळी ६१ माणसं गेली. इमारतीचं वय किती? जेमतेम तीस-बत्तीस वर्षं!

म्हणून कायदा नुसतं वय विचारत नाही. पण वयाकडे दुर्लक्षही करत नाही. मुंबईत इमारतीला तीस वर्षं झाली, की तिची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. तिला म्हणतात ‘स्ट्रक्चरल ऑडिट’. मराठीत संरचनात्मक तपासणी. सोसायट्यांच्या उपविधींत तर याहून कडक नियम आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटलेल्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची. आपल्या आजोबांना चाळिशीनंतर डॉक्टर दरवर्षी रक्त तपासायला सांगतात ना, तसंच हे. आजोबा आजारी असतातच असं नाही, पण बघून घेतलेलं बरं.

सळईला गंज, घराला घोर

आता बघू या, की उभी इमारत कमजोर कशाने होते.

आजच्या बहुतेक इमारती सिमेंट-काँक्रीटच्या आणि त्यात लोखंडी सळया घातलेल्या असतात. या दोघांची जोडी मोठी नामी आहे. काँक्रीट दाबलं तर सहसा फुटत नाही, पण ताणलं तर लगेच तडकतं. लोखंडाला ताण सहज पेलतो. म्हणून तुळईच्या, म्हणजे बीमच्या, ज्या भागावर ताण येतो तिथे सळया ठेवतात. शिवाय काँक्रीट सळईला आणखी एक उपकार करतं. ते चुन्यासारखं, म्हणजे अल्कधर्मी असतं. त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही.

पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरत राहतो. काँक्रीटचा अल्कधर्मीपणा बाहेरून आत हळूहळू कमी होत जातो. तो सळईपर्यंत संपला आणि त्यात गळणारं पाणी पोचलं, की गंज सुरू! समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर गंजाला अधिकच जोर येतो.

गंजलं तर गंजलं, सळई थोडी बारीक होईल, त्यात काय? असं तुम्हाला वाटेल. पण खरी गोम पुढेच आहे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही जास्त जागा लागते. काँक्रीटच्या पोटात ती जागा कुठून येणार? मग तो गंज आतून रेटा देतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग पडते. मग पोपडा फुगतो. मग एक दिवस स्लॅबचा तुकडा खाली पडतो आणि आत तांबूस, फुगलेली सळई दिसते. घरमालक तिथे प्लास्टर मारून, वर रंग देऊन टाकतो. रोग आत तसाच राहतो!

म्हणून लक्षात ठेवा, गच्चीतली गळती, बाथरूमची ओल, फुटका पाइप या ‘किरकोळ’ गोष्टी नसतात. पावसाळ्यात इमारती पडल्याच्या बातम्या जास्त येतात, पण बिघाडाची सुरुवात पुष्कळदा आधीच्या कितीतरी पावसाळ्यांत झालेली असते.

जुन्या चाळींचं दुखणं वेगळं. तिथे सागवानी खांब, लाकडी तुळया आणि त्यावर फरशी. पाणी मुरलं की लाकूड कुजतं आणि वाळवी लागली की आतून पोकळ होतं. वरून रंग शाबूत, आत भुसा! भिंतीच्या सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर त्याची मुळं सांधा फाकवतात.

खांब कुणाचा?

काही वेळा इमारत स्वतःहून आजारी पडत नाही, तिला माणसं आजारी करतात.

कुणाला हॉल मोठा हवा असतो, म्हणून मधली भिंत जाते. कुणाला दुकानासाठी रुंद दरवाजा हवा असतो, म्हणून खांब तासला जातो. पण जुन्या इमारतींत भिंतीच वरचे सगळे मजले तोलत असतात. नव्यांत ते काम खांब करतात. तळमजल्याचा खांब फक्त तळमजल्याचा नसतो. वरच्या सगळ्या मजल्यांवरची माणसं, कपाटं, पाण्याची पिंपं, सगळ्यांचा भार त्याच्यावर असतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप त्यानंतर झाला.

आणि भार वाढवणं? तेही तसंच. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लीटरची टाकी गच्चीवर ठेवली की एक टन वजन वाढलं! टाकीसाठी जागा आखलेली असेल तर ठीक. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून वर आणखी एक टाकी, मातीची बाग, पत्र्याची खोली, मोबाइल कंपनीचा मनोरा असं चढत गेलं, तर खालच्या खांबांनी ते किती सोसायचं?

हळद, चुना आणि गुलाबी रंग

इमारतीची तपासणी करायला अभियंते येतात, तेव्हा ते नेमकं काय करतात? सुरुवात अगदी साधी असते. ते बघतात आणि ठोकून ऐकतात. तुमची आजी माठ घेताना बोटाने टिचकी मारून बघते ना? खणखणीत वाजला तर पक्का, भद्द वाजला तर चिरलेला. काँक्रीटचंही तेच. छोट्या हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, की आत पोपडा सुटला आहे असं समजायचं.

मग उपकरणं बाहेर निघतात. एक असतो उसळणारा हातोडा, त्याला ‘रिबाउंड हॅमर’ म्हणतात. तो काँक्रीटवर दाबला की आतला ठोकळा स्प्रिंगच्या जोरावर आदळून मागे उसळतो. पृष्ठभाग टणक असेल तर जास्त उसळतो, ठिसूळ असेल तर कमी. चेंडू फरशीवर आपटणं आणि वाळूत आपटणं यांत जो फरक, तोच हा! दुसऱ्या उपकरणातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी खांबाच्या एका बाजूने सोडतात आणि दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. काँक्रीट भरीव असेल तर लहरी वेगाने जातात, आत पोकळ्या आणि भेगा असतील तर त्यांना उशीर होतो. संशय फारच असेल, तर काँक्रीटचा एक गोल नळकांड्यासारखा तुकडा कापून काढतात आणि प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून बघतात, की तो किती भार सोसून फुटतो.

आणि एक चाचणी तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलीच आहे. तुम्हाला फिनॉल्फ्थॅलिन माहीत आहे ना? अल्कधर्मी द्रावणात टाकलं की गुलाबी होणारं? अभियंते काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर तेच फवारतात. जिथे गर्द गुलाबी रंग येतो, तिथे काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतंय. जिथे रंग येतच नाही, तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचला. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत आला असेल, तर सळईचं कवच गेलं म्हणून समजा.

घरी गंमत बघायची असेल तर वाटीत चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि मोठ्या माणसांकडून पानाचा कणभर चुना काडीने त्यात घालून घ्या. पिवळी हळद लालभडक होईल. हळद इथे फिनॉल्फ्थॅलिनचंच काम करते. (चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून त्याला स्वतः हात लावायचा नाही, बरं का!)

सी-१ की सी-३?

तपासणीचा अहवाल आला, की मग कायद्याचं काम सुरू होतं. मुंबईत ते चालतं १८८८ सालच्या महानगरपालिका कायद्याने. सीएसएमटी स्टेशन पूर्ण झालं, त्याच वर्षीचा कायदा आहे हा! त्याचं ३५४ वं कलम सांगतं, की एखादी इमारत मोडकळीला आली असेल, पडण्याजोगी असेल किंवा तिच्यात राहणाऱ्याला, शेजाऱ्याला, रस्त्याने जाणाऱ्याला तिच्यापासून धोका असेल, तर पालिका आयुक्त लेखी नोटीस देऊ शकतात. काय करायचं? पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा. ठाणे, पुणे, नाशिक अशा इतर शहरांच्या महानगरपालिकांसाठी १९४९ चा कायदा आहे. त्यात हेच काम २६४ वं कलम करतं.

बघा हं, कायदा ‘पडलेली’ म्हणत नाही, ‘पडण्याजोगी’ म्हणतो. पडल्यावर नोटीस देऊन काय उपयोग? आणि रस्त्याने जाणाऱ्याचाही विचार करतो. म्हणजे “माझं घर, मी राहीन नाहीतर मरेन, तुम्हाला काय?” असं कुणाला म्हणता येत नाही. सज्जा कोसळला तर खालून शाळेत जाणारी मुलगी त्यात सापडू शकते.

सगळ्या नोटिसा सारख्या नसतात. आजाराचे जसे प्रकार, तसे इमारतींचे चार वर्ग केले आहेत :

सी-१ : अतिधोकादायक. इमारत ताबडतोब रिकामी करायची आणि पाडायची.

सी-२ए : घरं रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची किंवा काही भाग पाडायचा.

सी-२बी : घरं रिकामी न करता इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती करायची.

सी-३ : किरकोळ दुरुस्ती. घर सोडायची गरज नाही.

म्हणून नोटीस दिसली की आधी रडारड नको आणि फाडाफाडही नको. आधी वाचायची. वर्ग कोणता लिहिलाय? किती दिवसांची मुदत आहे? पाडा म्हटलंय की दुरुस्त करा? सी-३ ची नोटीस वाचून घर सोडणं जेवढं वेडेपणाचं, तेवढंच सी-१ ची नोटीस वाचून घरात झोपणं. सी-१ इमारत लोकांनी रिकामी केली नाही, तर पाणी आणि वीज तोडता येते, पोलिसांची मदत घेऊन लोकांना बाहेर काढता येतं.

कधीकधी एक पेच पडतो. मालकाने आणलेला अभियंता म्हणतो, “पाडावीच लागेल.” रहिवाशांनी आणलेला म्हणतो, “दुरुस्त होईल.” दोघंही शिकलेले, दोघांकडेही कागद! मालकाला भाडेकरूंना घालवून तिथे मनोरा बांधायचा असेल, अशी रहिवाशांना शंका. रहिवासी धोका लपवताहेत, अशी मालकाला शंका. अशा वेळी पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते. तिच्यातले तज्ज्ञ दोन्ही अहवाल बघतात आणि निर्णय देतात. त्यानंतरही न्यायालयाचं दार उघडं असतं. म्हणजे ‘धोकादायक’ हा शिक्का कुणाच्या लहरीवर मारता येत नाही. तो सिद्ध करावा लागतो.

पडणार नाही, पण राहण्यालायकही नाही

आता एक वेगळाच प्रकार. इमारत भक्कम आहे, शंभर वर्षं पडायची नाही. तरीही कायदा म्हणू शकतो, की इथे राहायचं नाही. असं कसं?

त्यासाठी १८९६ सालच्या मुंबईत जाऊ या. त्या वर्षी मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. तिथली घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे. खेळती हवा नाही, मोऱ्या तुंबलेल्या, एकेका खोलीत डझनावारी माणसं. आरोग्य अधिकारी घरोघर फिरत आणि वाईटात वाईट घरांवर रंगाने तीन इंग्रजी अक्षरं उठवत : यू, एच, एच. त्याचा अर्थ ‘माणसाने राहण्यास अयोग्य’. पुढे १८९८ साली मुंबईत सुधार मंडळ स्थापन झालं. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढणं, दादर-माटुंग्यासारख्या मोकळ्या वसाहती आखणं ही त्या मंडळाची कामं.

तेव्हापासून घर म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत, हे कायद्यात पक्कं बसलं. उजेड, हवा, पाणी, संडास, सांडपाण्याची वाट या सगळ्यांशिवाय घर ‘राहण्यालायक’ होत नाही. नव्या इमारतीला खिडकी केवढी हवी, दोन इमारतींत अंतर किती हवं, असे नियम असतात. ते कुणाला छळायला केलेले नाहीत. त्यांच्यामागे अशा साथींत गेलेली माणसं आहेत.

म्हणूनच इमारत बांधून झाली की लगेच राहायला जाता येत नाही. पालिका येऊन बघते, की मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालं का, पाणी, ड्रेनेज, जिने ठीक आहेत का, आग लागली तर बाहेर पडता येईल का. सगळं बरोबर असेल तर ‘भोगवटा प्रमाणपत्र’ देते. बोलीभाषेत त्याला ‘ओसी’ म्हणतात. ते नसेल, तर चकचकीत फरशी आणि झुंबर असूनही ती इमारत कायद्याच्या नजरेत राहण्यासाठी तयार नाही.

हा कागद किती महत्त्वाचा, ते ४ एप्रिल २०१३ ला सगळ्यांना कळलं. ठाण्याजवळ, मुंब्र्याच्या शीळफाटा भागात बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खाली माणसं राहायलाही आली होती! ७४ जण मरण पावले. त्यात पुष्कळ मुलं होती. नकाशा मंजूर नव्हता, म्हणजे पाया, खांब, सिमेंट यांतलं काहीच कुणी तपासलं नव्हतं. स्वस्तात खोली मिळाली म्हणून आलेल्या त्या माणसांना हे कुठून कळणार?

आगीचंही तसंच. जिन्यात कुणाच्या सायकली, कुणाचं जुनं कपाट, कुणाच्या चपलांचा स्टँड. एरवी त्यात काही वाटत नाही. पण धुराने अंधार झाला, की तोच जिना सापळा होतो. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा २००६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांनी आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीत ते कोण देतं, एकदा विचारून बघा. सेक्रेटरी काका दचकतील!

मग माणसं बाहेर का पडत नाहीत?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. आणि “लोकांना अक्कल नाही” हे त्याचं उत्तर नव्हे.

विचार करा. गिरगावातली किंवा लालबागची एक चाळ. दहा बाय बाराची खोली, पागडीची. भाडं अगदी थोडं. बाबांची नोकरी जवळ, ताईचं कॉलेज जवळ, आजीचा दवाखाना खालच्या नाक्यावर. नोटीस म्हणते, घर सोडा. जायचं कुठे? तेवढ्या भाड्यात मुंबईत कोपराही मिळत नाही. सरकारचं संक्रमण शिबिर मिळालं तर ते दुसऱ्याच टोकाला. आणि शिबिरात ‘थोड्या दिवसांसाठी’ गेलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, पण नवी इमारत काही उभी राहिली नाही. हे शेजारपाजारी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग भीती वाटते, की एकदा कुलूप लावलं की घर गेलंच!

छप्पर पडेल ही भीती एकीकडे आणि छप्परच जाईल ही भीती दुसरीकडे. माणसं रोज त्या दोन्हींच्या मधे झोपतात.

दुसऱ्या भीतीवर कायद्याने थोडा उतारा काढला आहे. तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. इमारत पाडण्याआधी कुणाकडे किती जागा होती, त्याची यादी आणि मोजमाप पालिकेने करायचं असतं. म्हणून घर सोडताना आई-बाबांनी तीन गोष्टी जरूर कराव्यात. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड अशी सगळी कागदपत्रं एकत्र ठेवावीत. आपल्या खोलीचं मोजमाप यादीत आलं का, ते बघून त्याची प्रत घ्यावी. आणि मालकाशी जे ठरेल ते तोंडी न ठेवता कागदावर घ्यावं.

एवढ्याने सगळं सुटतं का? नाही. कागद हातात असूनही लोकांना वाट बघावी लागते, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे दुखणं खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण हक्कासाठी भांडायला माणूस जिवंत असावा लागतो. म्हणून सी-१ ची नोटीस असेल, तर आधी बाहेर पडायचं आणि मग भांडायचं. हा क्रम उलटा करायचा नाही.

तुम्ही काय कराल?

तुम्ही लहान आहात, तुम्हाला कोण विचारतं, असं मुळीच समजू नका. मोठी माणसं मान खाली घालून भराभर जिना उतरतात. तुमची नजर मात्र सगळीकडे भिरभिरत असते. तिचा उपयोग करा.

सुरुवात एका भेगेपासून करा. घरात किंवा जिन्यात भेग दिसली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी कागदाची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवा. महिन्याने बघा. भेग खुणेच्या पुढे गेली का? पट्टी फाटली किंवा ताणली गेली का? अभियंतेही पूर्वीपासून असंच करतात, फक्त कागदाऐवजी काचेची पट्टी लावतात. भेग वाढली की काच तडकते. तुमच्या वहीतली ती तारीख सोसायटीच्या सभेत मोठ्यांच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलेल.

पण सगळ्याच खुणांसाठी महिना थांबायचं नसतं. खालीलपैकी काही दिसलं, तर त्याच क्षणी मोठ्यांना सांगा :

● काल नीट लागणारं दार किंवा खिडकी आज अचानक अडकू लागली.

● खांबाला किंवा बीमला नवी भेग पडली किंवा जुनी भेग एकाएकी रुंदावली.

● छतातून माती, खडे पडू लागले, कडकड किंवा करकर आवाज येऊ लागला.

● जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटू लागली.

● तळमजल्यावर कुणी भिंत किंवा खांब फोडताना दिसलं.

अशा वेळी सामान गोळा करत बसायचं नाही. दप्तर, टीव्ही, दागिने सगळं राहू द्यायचं. शेजाऱ्यांची दारं वाजवायची, म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचा, लिफ्ट न वापरता जिन्याने खाली यायचं आणि इमारतीपासून दूर मोकळ्या जागी थांबायचं. मग फोन : मुंबईत पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, अग्निशमन दल १०१ आणि देशभरात कुठूनही ११२. काहीतरी राहिलं म्हणून परत आत जायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

डोंबिवलीच्या त्या मुलाने नेमकं हेच केलं. पण तो त्या रात्री जागा होता, हा निव्वळ योगायोग. दर रात्री प्रत्येक इमारतीत कुणीतरी जागं राहील, असं होत नाही. म्हणून तर तपासणी असते, अहवाल असतो, जिन्यातली नोटीस असते. आपण झोपलेलो असताना जागं राहण्याचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांनी हाक मारली, की ऐकायची.

आणि हो, आज शाळेतून घरी याल तेव्हा भराभर जिना चढू नका. एकदा मान वर करून छताकडे बघा. काय दिसलं, ते रात्री जेवताना आई-बाबांना सांगा.